चेहऱ्याची डागडुजी

छायाचित्र खोटें बोलत नाहीं ही समजूत आपल्या समाजांत इतकी रुळलेली आहे कीं, संगणकावर छायाचित्रें सुधारण्याच्या आज्ञावली घरोघर पोंचल्यापासून ‘आतां फोटोचाहि भरंवसा उरला नाहीं’ असे उद्गार सुशिक्षित मंडळींच्या तोंडून वारंवार ऐकूं येतात. या उद्गारांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी कीं, संगणक येण्यापूर्वीं केव्हां तरी फोटोचा भरंवसा होता. ती तपासून पाहिली तर काय दिसतें? माणसाच्या चेहऱ्याचें छायाचित्र निघूं लागलें, आणि त्याच्या मागोमाग एका वर्षाच्या आंतबाहेर त्या चित्रावर हात फिरविणारा कारागीरहि आला. तेव्हांपासून आजपर्यंत, पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ, हे दोघे एकाच दुकानांत बसत आले आहेत.

या दुसऱ्या माणसाचें नांव फारसें कोणी घेत नाहीं. छायाचित्रणाच्या इतिहासग्रंथांत भिंगें, रसायनें आणि कागद यांना प्रकरणेंच्या प्रकरणें मिळतात. रिटचिंग करणाऱ्याच्या वांट्याला एखादें पान येतें, आणि तेंहि बहुधा नाक मुरडून लिहिलेलें. प्रस्तुत लेखांत त्याचीच हकीकत थोडी विस्तारानें सांगण्याचा आमचा विचार आहे. कारण ती समजल्याखेरीज आपल्या घरांतील भिंतीवरच्या तसबिरींत आपण नक्की काय पाहत असतों, हें उमगणार नाहीं.

१८३९ च्या ऑगस्ट महिन्याच्या १९ तारखेस लुई दागेर याची कृति पॅरिस येथें जगजाहीर करण्यांत आली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर पाऱ्याच्या वाफेनें उमटणारें तें चित्र एकुलतें एक असे. त्याची दुसरी प्रत निघत नसे. इमारती व पुतळे त्यांत अप्रतिम उतरत. माणसाची गोष्ट निराळी होती. भर उन्हांत कित्येक मिनिटें निश्चल बसणें एक वेळ साधेल, परंतु तितका वेळ पापणी न हालविणें कोणाच्या हातीं आहे? १८४० मध्यें पेट्झव्हाल यानें गणितानें सिद्ध केलेलें भिंग, आणि पुढील एकदोन वर्षांत पत्र्याची प्रकाशग्राहकता वाढविणारीं रसायनें यांमुळें ही मुदत मिनिटाच्या आंत आली खरी. पण स्वित्झर्लंडांतील सेंट गॅलन येथील योहान बाप्टिस्ट इझेनरिंग या चित्रकारानें तितकी वाट पाहिली नाहीं. पापण्यांच्या हालचालीनें डोळे धुरकट उमटत, म्हणून तो पत्र्यावर अणकुचीदार हत्यारानें डोळ्यांच्या बाहुल्या कोरून घेई. आणि चेहरा राखेसारखा दिसूं नये म्हणून बारीक रंग व डिंक यांची पूड गालांवर बसवी. अशा रंगविलेल्या चित्रांचें प्रदर्शन त्यानें १८४० सालींच भरविलें. इंग्लंडांत रिचर्ड बिअर्ड यानें १८४२ मध्यें रंग भरण्याच्या कृतीचें पेटंटच घेऊन टाकलें. म्हणजे ज्या कलेचें जन्मनक्षत्र सत्य असें आपण मानतों, तिच्या बारशालाच रंगाची डबी हजर होती.

तथापि रिटचिंगचा खरा संसार थाटला गेला तो कांचेवर. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें १८५१ मध्यें कलोडियनची ओली कांच प्रचारांत आणली. आतां एका कांचेवरून वाटेल तितक्या प्रती निघूं लागल्या. १८५४ मध्यें दिस्देरी या फ्रेंच छायाचित्रकारानें भेटीच्या कार्डाएवढीं लहान चित्रें एकाच कांचेवर अनेक काढण्याचें पेटंट घेतलें, आणि जें सुख पूर्वीं तैलचित्र काढवून घेणाऱ्या सरदारांचें होतें, तें दुकानदार, वकील आणि कारकून यांच्या आटोक्यांत आलें. मात्र या नव्या गिऱ्हाइकांपुढें एक विघ्न उभें राहिलें. त्यांना आपले स्वतःचे चेहरे ओळखूं येईनात!

यांत त्यांचा पोकळ अभिमान होता असें म्हणून हंसून सोडून देणें अन्यायाचें होईल. दोष कांचेचा होता. कलोडियनची कांच रंगांच्या बाबतींत जवळजवळ आंधळी असते. तिला दिसतो तो निळा आणि जांभळा उजेड. तांबडा व पिवळा हे तिच्या लेखीं काळोखच. म्हणून निळें आकाश कोरें पांढरें निघे, निळे डोळे पाण्यासारखे फिके पडत आणि लाल ओंठ काळे होत. एखाद्या गौरवर्ण युवतीच्या नाकावरचे जे तांबूस ठिपके समोर बसलेल्याच्या ध्यानांतहि येत नसत, ते कागदावर देवीच्या व्रणांसारखे काळेभोर उतरत. उन्हानें रापलेला शेतकरी कोळशाच्या खाणींतून आल्यासारखा दिसे. तेव्हां पहिल्या रिटचरनें हातीं पेन्सिल घेतली ती सत्य लपविण्याकरितां नव्हे, तर यंत्रानें केलेली चूक दुरुस्त करण्याकरितां. निदान त्याला तसें म्हणण्यास जागा होती. ही ‘जागा’ वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढचा बहुतेक इतिहास त्या जागेंतच घडलेला आहे.

१८५५ सालच्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनांत म्यूनिकच्या फ्रांत्स हान्फश्टेंगल यानें रिटच केलेली एक कांच मांडली, आणि शेजारीं तिच्यावरून काढलेल्या दोन प्रती ठेविल्या. एक हात फिरविण्यापूर्वींची व दुसरी फिरविल्यानंतरची. नादार या विख्यात फ्रेंच छायाचित्रकारानें १९०० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत या गोष्टीची आवर्जून नोंद केली आहे. त्या दोन प्रतींपुढें उभ्या राहिलेल्या लोकांनीं काय पाहिलें असेल? एका बाजूस यंत्राला दिसलेला माणूस. दुसऱ्या बाजूस त्या माणसाला स्वतःला दिसणारा माणूस. यांपैकीं कोणत्या प्रतीला गिऱ्हाईक मिळालें हें सांगावयास नको.

ही करामत कशी होत असे, हें आतां थोडें तपशिलानें सांगतों. कारण ते कारागीर गेले आणि त्यांचीं हत्यारेंहि अडगळींत गेलीं. रिटचरचें मेज उतरत्या चौकटीचें असे. चौकटींत दुधी कांच, खालीं खिडकीचा उजेड वर फेंकणारा आरसा, आणि वर भोंवतालचा उजेड अडविणारें लांकडी छत. निगेटिव्ह या चौकटीवर ठेवीत. गुळगुळीत कांचेवर पेन्सिल धरत नाहीं, म्हणून डामराची राळ टर्पेंटाइनमध्यें विरघळवून तिचा पातळ हात आधीं त्या जागीं फिरवीत. पेन्सिल कठीण शिशाची. तिचें टोंक कांचकागदावर घांसून सुईसारखें लांब व बारीक केलेलें. रेघ कधीं ओढावयाची नाहीं. स्वल्पविरामाएवढे ठिपके आणि बारीक वळसे एकाशेजारीं एक देत जावयाचे. निगेटिव्हवर सारें उलटें असतें हें तर प्रसिद्धच आहे. पेन्सिलीनें कांच जेथें गडद होई, तेथें कागदावर उजेड पडे; म्हणून सुरकुती म्हणजे कांचेवरची फिकी चीर, ती शिशानें भरली कीं कागदावर नाहींशी होई. उलट एखादी जागा गडद हवी असेल तर चाकूच्या पात्यानें तेथील थर हळूच खरवडीत. कंबरेच्या कडेला अपारदर्शक रंगाचा कुंचला फिरविला कीं दोन बोटें कंबर कमी होई. शेवटीं कागदावर राहिलेले पांढरे ठिपके बारीक कुंचल्यानें भरून काढीत.

एकाच माणसाच्या पेन्सिलीखालून दिवसाकाठीं अनेक चेहरे जात. चांगला कारागीर असेल तर डोळ्यांखालची छाया तो थोडी उजळवी, पुसत नसे. गालफडाचें हाड जेथें असावयाचें तेथें राहूं देई. सामान्य कारागिराला शरीररचनेचें ज्ञान नसे. तो छाया दिसली कीं बुजवी, आणि साठ वर्षांच्या न्यायाधीशाचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत करून ठेवी. पीटर हेन्री एमर्सन यानें १८८९ सालच्या आपल्या ग्रंथांत रिटचिंगवर कडाडून हल्ला चढविला, तो अशाच कामगिरीकडे पाहून. एमर्सनचा राग आम्हांस समजतो. परंतु तो सुखवस्तु मनुष्य होता, आणि गिऱ्हाईक परत पाठवून त्याला उपाशी राहावें लागणार नव्हतें, हेंहि विसरतां येत नाहीं.

चित्र सुधारण्याचे सगळेच प्रकार पेन्सिलीनें होत नाहींत. १८६० च्या फेब्रुवारीच्या २७ तारखेस न्यूयॉर्क येथें मॅथ्यू ब्रेडी यानें अब्राहम लिंकन यांचें छायाचित्र घेतलें, तेव्हां त्यांची लांब मान दिसूं नये म्हणून गळपट्टी वर ओढावयास लाविली. ही रिटचिंग नव्हे, पण तिची सख्खी बहीण आहे. पुढें कोणी तर लिंकन यांचें मस्तक जॉन कॅल्हून या गुलामगिरीच्या कट्टर कैवाऱ्याच्या धडावर बसवून रुबाबदार छापील चित्र तयार केलें. दैवाचा उपहास याहून मोठा कोणता असेल? रशियांत १९२० च्या मे महिन्याच्या ५ तारखेस लेनिन सैनिकांपुढें भाषण करीत असतांना घेतलेल्या छायाचित्रांत व्यासपीठाच्या पायऱ्यांवर उभे असलेले ट्रॉट्स्की आणि कामेनेव्ह पुढच्या प्रतींतून अदृश्य झाले, हें सर्वश्रुत आहे. पण तो राजकारणाचा प्रांत आहे, आणि त्याजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आमचा विषय घरगुती आहे. आणि घरगुती असत्यें अधिक काळ टिकतात.

रंगाची कथा याच वाटेनें गेली. आल्फ्रेड वॉल यानें छायाचित्रें कलापूर्ण रीतीनें कशीं रंगवावीं यावर १८६१ मध्यें स्वतंत्र पुस्तक लिहिलें, यावरून त्या धंद्याचा पसारा दिसून येतो. या कामावर युरोपांत व अमेरिकेंत बायका मोठ्या संख्येनें असत. जपानांत फेलिचे बेआटो यानें योकोहामा येथें १८६० नंतर जीं रंगविलेलीं चित्रें विकावयास काढलीं, त्यांत तेथील लांकडी ठशांच्या चित्रकलेचा मुरलेला हात दिसतो. सुंदर तीं आहेतच. मात्र डांबरापासून काढलेल्या नव्या ॲनिलिन रंगांवर ज्यांनीं भिस्त ठेविली, त्यांच्या चित्रांतले गुलाबी गाल कालांतरानें उडून गेले आणि खालचा करडा माणूस पुन्हा वर आला.

आपल्या देशांत छायाचित्रण फार लौकर आलें. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या प्रमुख एतद्देशीय सभासदांपैकीं होते. १८५५ मध्यें एल्फिन्स्टन संस्थेंत छायाचित्रणाचा वर्गहि निघाला. तेथें शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनीं मुंबईंत आपलें दुकान थाटलें. पुढें लाला दीनदयाळ यांचें नांव इंदूरपासून हैदराबादपर्यंत दुमदुमलें आणि १८९६ मध्यें त्यांनीं मुंबईंतहि स्टुडिओ उघडला. या सर्व दुकानांच्या मागल्या खोलींत कुंचला धरणारी माणसें असत, आणि तीं कांहीं नवशिकीं नव्हतीं. संस्थानिकांच्या पदरचे, नाथद्वाऱ्याच्या व उदेपूरच्या परंपरेंत वाढलेले चित्रकार हातचें काम कमी होत चालल्यानें या नव्या धंद्याकडे वळले होते. त्यांनीं छायाचित्राचा उपयोग रांगोळीच्या ठिपक्यांसारखा केला. चेहऱ्यावर पातळ रंग, आणि अंगरखा, पगडी, गालिचा, मागचा खांब, खांबापलीकडची बाग यांवर दाट अपारदर्शक रंग. चेहरा तेवढा कॅमेऱ्याचा. बाकी सर्व वैभव कुंचल्याचें.

ज्युडिथ मारा गुटमन या अमेरिकन विदुषीनें १९८२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, भारतीय मनाची पाहण्याची रीतच युरोपीयांहून भिन्न असल्यामुळें येथें छायाचित्रें अशीं रंगविलीं गेलीं. हें मत आम्हांस पटत नाहीं. इझेनरिंग, बिअर्ड आणि वॉल यांचीं उदाहरणें वर दिलींच आहेत. रंग चढविण्याचा मोह काळ्यागोऱ्यांस सारखाच होता. भेद असेल तर तो कारागिरांच्या तालमींत आहे, मनांत नाहीं. आपल्याकडे हा कुंचला आणि कॅमेरा यांचा संसार किती जवळचा होता, याचें दादासाहेब फाळके यांच्याइतकें चांगलें उदाहरण सांपडणार नाहीं. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचें कलाभवन, गोध्र्यास फोटोग्राफीचें दुकान, पुराणवस्तु खात्यांतील नोकरी आणि त्यानंतर लोणावळ्याकडे रविवर्म्याच्या शिळाप्रेसचें काम असा प्रवास करून मग ते चित्रपटाकडे आले. चित्र काढणें, चित्र घेणें, चित्र छापणें आणि चित्र सुधारणें हीं त्यांच्या पिढीला चार शास्त्रें वाटतच नव्हतीं.

आतां आम्ही मघांशीं ध्यानांत ठेवावयास सांगितलेल्या ‘जागे’कडे येतों. युरोपांत कांचेच्या रंगांधळेपणाचा फटका बसला तो तांबूस ठिपक्यांना. आपल्या देशांत तो साऱ्या अंगकांतीला बसला. सांवळी त्वचा जो उजेड परत फेंकते त्यांत तांबडा व पिवळा भाग अधिक, निळा अगदीं थोडा. आणि त्या काळची कांच तर निळ्यावरच जगणारी. त्यामुळें सांवळा माणूस फोटोंत होता त्याहून पुष्कळ काळा उमटे. स्टुडिओंतल्या आरशाशेजारीं पावडरीचा डबा असे आणि मागल्या खोलींत पेन्सिल असे, त्याला एवढें सबळ कारण होतें. चेहरा उजळविणें हा तेव्हां कांहीं अंशीं तरी न्याय होता.

पण कारण संपलें, आणि चाल राहिली. बर्लिनच्या फोगेल यानें १८७३ मध्यें कांचेच्या थरांत विशिष्ट रंगद्रव्यें मिसळलीं असतां तिला हिरवा व पिवळा उजेडहि दिसूं लागतो, हें शोधून काढलें. १९०६ मध्यें तांबड्यासह सर्व रंग ओळखणाऱ्या कांचा इंग्लंडांत विकावयास आल्या. म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभींच यंत्राची चूक दुरुस्त होण्याची सोय झाली होती. तरी स्टुडिओंतील पेन्सिल चेहरे उजळवीतच राहिली. आतां ती कांचेच्या वतीनें नव्हे, तर समाजाच्या वतीनें. मुलीचा फोटो स्थळाकडे पाठवावयाचा असला कीं ‘जरा उजळ काढा’ ही सूचना न सांगतां समजण्याइतकी नेहमींची झाली. किती मुलींनीं नवऱ्याच्या घरीं पाऊल टाकतांना आपल्याच फोटोशीं होणारी तुलना सोसली असेल, याची नोंद कोणत्याहि दप्तरांत नाहीं. आणि ज्या मुलीचा फोटो उजळविला, तिला घरच्या माणसांनीं न बोलतां काय सांगितलें हें तिला कळत नव्हतें असें थोडेंच आहे?

रंगीत छायाचित्रणानें हा प्रश्न सुटावयास हवा होता. तो अधिक गुंतला. लुमिएर बंधूंची ऑटोक्रोम कांच १९०७ सालीं बाजारांत आली. बटाट्याच्या पिठाचे रंगविलेले सूक्ष्म कण तिच्यावर पसरलेले असत. १९३५ मध्यें कोडॅक्रोमची फिल्म निघाली. ती शोधून काढणारे दोघे गृहस्थ व्यवसायानें संगीतकार होते, ही मौजेची गोष्ट जातां जातां सांगून ठेवितों. पुढें रंगीत प्रती घरोघर पोंचल्या तेव्हां छपाईचें यंत्र बरोबर लावण्याकरितां कोडॅक कंपनी प्रयोगशाळांस एक नमुन्याचें चित्र पाठवी. त्यांत गौरवर्ण स्त्री असे, आणि पहिल्या नमुन्यांतील स्त्रीच्या नांवावरून साऱ्या नमुन्यांस ‘शर्ली’ म्हणत. शर्लीची कांति नीट उतरली म्हणजे यंत्र नीट लागलें! लोर्ना रॉथ या कॅनडांतील अभ्यासिकेनें दाखवून दिलें आहे कीं, सांवळे आणि काळे चेहरे या फिल्मवर नीट येत नाहींत ही ओरड दीर्घकाळ मनावर घेतली गेली नाहीं. चॉकलेट विकणाऱ्यांनीं व लांकडी सामान विकणाऱ्यांनीं आपल्या मालाच्या तपकिरी छटा नीट उतरत नाहींत अशी तक्रार केली, तेव्हां सुधारणा होऊं लागली. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांचे नमुने १९९० नंतरच्या दशकांत आले.

संगणकाची आज्ञावली येऊन मिळते ती या परंपरेला. अमेरिकेंत मिशिगन विद्यापीठांत डॉक्टरेटसाठीं अभ्यास करणाऱ्या थॉमस नोल यानें १९८७ मध्यें करड्या छटा पडद्यावर दाखविणारी एक लहानशी आज्ञावली लिहिली. चित्रपटांतील चमत्कृतिदृश्यांच्या धंद्यांत असलेल्या जॉन या भावानें तिचा व्याप वाढवावयास लाविला, आणि १९९० च्या फेब्रुवारींत अडोबी कंपनीनें ती ‘फोटोशॉप’ या नांवानें विक्रीस काढली. या दोघां भावांच्या वडिलांची घरच्या तळघरांत छायाचित्रें धुण्याची अंधारखोली होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या आज्ञावलींतील हत्यारांचा उगम चटकन् उमगतो. चित्राचा एखादा भाग उजळविण्याच्या हत्याराचें चिन्ह म्हणजे काडीला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा, आणि गडद करण्याच्या हत्याराचें चिन्ह म्हणजे वळविलेला हात. अंधारखोलींत कागदावर उजेड पाडतांना छायाचित्रकार पुठ्ठ्यानें व हातानें हेंच करीत. उजेड व छाया कमीजास्त करण्याची वक्र रेषा पाहिली कीं, हर्टर व ड्रिफील्ड यांनीं १८९० मध्यें कांचेच्या गुणधर्मांची काढलेली वक्र रेषा आठवते. २००२ सालच्या आवृत्तींत डाग बरा करणारा कुंचला आला. तो शेजारच्या निरोगी त्वचेचा पोत उचलतो, पण रंग व उजेड मात्र डागाच्या भोंवतालचा घेतो. जुना निष्णात रिटचर आपल्या स्वल्पविरामांनीं जें साधीत असे, तेंच हें. सामान्य रिटचरचा बटाटाहि आज्ञावलींत आहेच. एक कळ दाबली कीं सारी त्वचा मेणासारखी होते.

चेहऱ्याच्या रंगदुरुस्तीसंबंधीं मात्र या नव्या युगानें एक मोलाची गोष्ट आंकड्यांनीं दाखवून दिली आहे, आणि ती आम्हांस सर्व तंत्रांहून महत्त्वाची वाटते. माणसाची त्वचा गोरी असो, गव्हाळ असो, वा काळी असो, तिच्या रंगाची जात जवळजवळ एकच असते. ती तांबडा आणि पिवळा यांच्या मधल्या एका अरुंद पट्ट्यांत बसते. चलच्चित्रांच्या रंगमापकावर तर या रंगासाठीं एक रेषाच आंखून दिलेली असते, आणि सर्व वर्णांचे चेहरे तिच्या आसपास पडतात. भेद असतो तो मुख्यतः उजेडाचा, म्हणजे फिकेपणाचा व गडदपणाचा. यावरून प्रामाणिक दुरुस्ती आणि अप्रामाणिक दुरुस्ती यांमधली सीमा बरीच स्पष्ट आंखतां येते. बल्बच्या उजेडानें चेहरा नारिंगी झाला, झाडाखालीं हिरवट झाला, तर तो त्या पट्ट्यांत परत आणणें ही यंत्राच्या चुकीची दुरुस्ती होय. कॅमेऱ्यांतील मापक साऱ्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेशीं जुळवीत असल्यानें पांढऱ्या भिंतीपुढें बसलेला सांवळा माणूस फार काळवंडतो. त्याला त्याच्या मूळ उजेडावर आणणें हीहि दुरुस्तीच. परंतु रंगाची जात बरोबर, उजेडहि बरोबर, आणि तरी आज्ञावलीची सळई आणखी वर सरकविली, तर तेथें दुरुस्ती संपली.

सळई उलट दिशेनेंहि सरकते. १९९४ च्या जून महिन्यांत अमेरिकेंत ओ. जे. सिम्प्सन या कृष्णवर्णी खेळाडूवर खुनाचा आरोप आला. पोलिसांनीं घेतलेलें एकच छायाचित्र ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन साप्ताहिकांनीं एकाच आठवड्यांत मुखपृष्ठावर छापलें. न्यूजवीकनें तें जवळजवळ होतें तसें दिलें. टाइमच्या चित्रकारानें तें गडद केलें. दोन्ही अंक विक्रेत्यांच्या फळीवर शेजारीं शेजारीं लागले, आणि जें एरवीं कोणाच्या ध्यानांत आलें नसतें तें लहान मुलासहि दिसलें. खटला अद्याप उभा राहावयाचा होता. हान्फश्टेंगलच्या दोन प्रती एकोणचाळीस वर्षें अधिक एका शतकानें पुन्हा मांडल्या गेल्या, असें आम्हांस त्या वेळच्या वादाचा वृत्तांत वाचतांना वाटलें.

आपल्याकडे काळें करण्याची भीति कमी. उजळविण्याचीच हौस मोठी. त्वचा गोरी करण्याचें अभिवचन देणारें ‘फेअर अँड लव्हली’ हें मलम १९७५ मध्यें निघालें, आणि त्याच्या नांवांतला ‘गोरा’ हा शब्द गळावयास २०२० साल उजाडावें लागलें. इस्रायलनें २०१२ मध्यें कायदा करून जाहिरातींतील स्त्रियांचीं शरीरें बारीक केलीं असल्यास तसें चित्रावर छापणें भाग पाडलें. फ्रान्सनें २०१७ मध्यें तोच मार्ग धरला. दोन्ही कायदे देहाच्या जाडीविषयीं बोलतात. वर्णाच्या छटेविषयीं त्यांत एक शब्द नाहीं.

राहिल्या घरांतल्या जुन्या तसबिरी. पणजीचा एकुलता एक, बुरशीनें खाल्लेला फोटो घेऊन लोक आतां संगणकवाल्याकडे जातात, आणि अर्ध्या तासांत ती नव्या लुगड्यांत, ताज्या चेहऱ्यानें परत येते. अलीकडे तर हें काम कृत्रिम बुद्धि स्वतःच करते. बुरशी काढणें, चिरा सांधणें, उडालेला गडदपणा परत आणणें, हें सर्व करावें. त्यांत आमची हरकत कांहींच नाहीं. परंतु काळ्यापांढऱ्या फोटोंत लुगड्याचा रंग कोठेंहि सांठविलेला नसतो, हें वाचकांनीं पक्कें समजावें. एकाच करड्या छटेंत अनेक रंग मिसळून गेलेले असतात, आणि त्यांतून यंत्र जो काढतें तो त्यानें पाहिलेल्या हजारो परक्या फोटोंवरून केलेला तर्क असतो. लुगडें हिरवें कीं जांभळें, हें ठाऊक असलेली एखादी वृद्ध आत्या घरांत असेल तर तिला विचारावें. नसेल तर करडें लुगडें करडेंच राहूं द्यावें. चेहऱ्याचें तर त्याहून नाजूक आहे. फाटलेल्या जागीं यंत्र जें नाक आणि जे ओंठ भरतें, ते कोणाचे तरी असतात, पणजीचे नसतात. क्रिस्टोफर पिनी यांनीं मध्य प्रदेशांतील नागदा येथील स्टुडिओंचा अभ्यास करून १९९७ मध्यें लिहिलें कीं, लोकांना फोटोंत आपण आहों तसे नव्हे, तर आहों त्याहून बरे यावयाचें असतें. जिवंत माणसाला ती इच्छा बोलून दाखवितां येते. भिंतीवरच्या माणसाच्या वतीनें ती आपण बोलत असतों.

जुन्या कांचेचा एक गुण होता. निगेटिव्ह हातांत घेऊन आडव्या उजेडांत तिरपी धरली कीं तिच्यावरच्या पेन्सिलीच्या बारीक रेघा चकाकतात, आणि रिटचर कोठें थांबला, कोठें घसरला हें बोट ठेवून दाखवितां येतें. लाला दीनदयाळ यांच्या कांचांचा मोठा संग्रह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानें जपून ठेविला आहे, हें म्हणूनच मोठें भाग्य. संगणकाच्या चित्राला असा तिरपा उजेड नाहीं. १९९४ पासून फोटोशॉपमध्यें थरांची सोय आहे, म्हणजे मूळ चित्र तळाशीं अखंड ठेवून सारी दुरुस्ती वरच्या थरांवर करतां येते. पण गिऱ्हाइकाच्या हातीं पडते ती सर्व थर एकत्र दाबून सपाट केलेली प्रत, आणि थरांची फाइल दुकानदार कांहीं दिवसांनीं पुसून टाकतो. २०१९ मध्यें अडोबीनें इतर कांहीं संस्थांसह एक योजना हातीं घेतली, तिच्यामुळें चित्रावर कोणत्या हत्यारानें काय काय केलें याची नोंद चित्रासोबतच राहूं शकते. मात्र तेंच चित्र एका भ्रमणध्वनीवरून दुसऱ्यावर धाडलें कीं ती नोंद बहुधा वाटेंतच गळून पडते. तेव्हां पणजीचा फोटो संगणकवाल्याकडे देणाऱ्यांनीं एवढें करावें: नव्या तसबिरीच्या पुठ्ठ्यामागें तो बुरसलेला मूळ कागद पाकिटांत घालून ठेवावा, आणि पाकिटावर काय काय बदललें तें शिसपेन्सिलीनें लिहून ठेवावें.